केदारचा होकार

रविवारी सकाळी नारपोलीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात चपलांना जागा उरत नसे. दुसऱ्या मजल्यावर सरोजिनीताईंच्या घरी केदार येतो, अशी बातमी पसरली होती. केदार त्यांचा एकुलता एक मुलगा, साड्यांच्या काठांची डिझाईनं करायचा. उन्हाळ्यात झोपेतच हृदय बंद पडून गेला. आता तो त्याच्या कॉम्प्युटरमधून बोलतो, असं लोक म्हणत.

बोलतो म्हणजे काय, तर प्रश्न विचारला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडे. कोणी हात लावत नसे. घरात वीज असे, पंखा फिरत असे, आणि स्क्रीन तेवढा काळा होई. काळा झाला तर होकार, चालू राहिला तर नकार. हा अर्थ दर रविवारी तिथे जप करायला येणाऱ्या प्रितेश महाराजांनी लावला होता.

मी समोरच्याच घरात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. सुरुवातीला मी तिकडे फिरकलो नाही. दुःखाच्या घरात वाद कशाला घालायचा, असं वाटलं. मग एके दिवशी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ठकुबाईने सांगितलं, "मास्तर, केदारदादानं बायकोला नोकरी सोडाय सांगली. मी डोल्यांनी बगलाय, पडदा काला झाला."

केदारची बायको आसावरी कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये ऑफिसचं काम करायची. जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, "नोकरी सोडलीस?"

"तो सोड म्हणाला," ती म्हणाली. आज पाणी येणार नाही, असं सांगावं तशा आवाजात.

त्या रविवारी मी गेलो.

खोली गच्च भरली होती. खिडकीजवळ केदारचं टेबल. वर स्क्रीन आणि हार घातलेला फोटो, खाली दारं असलेलं लाकडी कपाट, त्यात कॉम्प्युटरचा डबा. आमच्याकडे आसपासच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, रुई सगळीकडे उडते, मशीनमध्ये शिरते, म्हणून केदारने हे कपाट मुद्दाम करून घेतलं होतं.

"आत्मा म्हणजे करंट," महाराज सांगत होते. "शरीर फक्त हार्डवेअर. केदारचं हार्डवेअर गेलं, सॉफ्टवेअर या कपाटात अडकलंय. म्हणून दारं घट्ट लावा. हवा लागली की आत्मा उडतो. आणि त्याचं डिझाईनचं काम कॉम्प्युटरवर चालू ठेवा, त्याशिवाय तो यायचा नाही."

लोक माना डोलावत होते. महाराजांनी कपाटाला कान लावला आणि विचारलं, "बेटा केदार, मुक्ती मिळाली का?"

स्क्रीन चालूच. सरोजिनीताईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग लांबलचक जप सुरू झाला. महाराजांचा कान कपाटावरून हलला नाही. हळूहळू आतून घरघर वाढू लागली. "ऐका, त्याचा श्वास," महाराज म्हणाले आणि घाईघाईने विचारलं, "केदार, या घराचं केदारधाम व्हावं, आसावरीनं माहेरी जावं, पोरीला आजीजवळ ठेवावं. हां या ना?"

स्क्रीन काळा झाला.

सगळ्यांनी हात जोडले. केदारची सहावीतली मुलगी पूर्वा आईची ओढणी मुठीत धरून बसली होती. आसावरी फक्त "बरं" म्हणाली. पुढच्या रविवारी आसावरीने केदारचा निरोप घेऊन निघायचं, असं ठरलं.

दुपारी मी पुन्हा गेलो. सरोजिनीताई आतल्या खोलीत पडल्या होत्या. आसावरी टेबलावर तळहात ठेवून बसली होती. कॉम्प्युटर चालू होता.

"हात लावून बघा, काका," ती म्हणाली. "गरम आहे. तो आला की गरम होतं."

मी हात लावला. लाकूड खरंच गरम होतं. "बंद पडायच्या आधी काय काय होतं?"

"आधी हे गरम होतं. मग आवाज वाढतो. मग जातो."

"केदार असताना असा बंद पडायचा?"

तिने टेबलावरचा हात काढला. "नाही. तासन्‌तास चालायचा."

"तेव्हा टेबल इथेच होतं?"

उत्तर पूर्वाने दिलं. "नाही, भिंतीपासून लांब होतं. मागे पंखा आहे म्हणून बाबा मला तिकडे जाऊ द्यायचे नाहीत. तेराव्याला माणसं बसायला जागा नव्हती, तेव्हा सरकवलं."

मी मोबाईलच्या उजेडात फटीतून पाहिलं. कपाटाच्या पाठीला गोल भोक, त्यात गरम हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा. तो भिंतीला चिकटला होता आणि रुईने बुजला होता. मी आसावरीला सगळं समजावलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचं ते करा." पुढच्या रविवारी, माणसं यायच्या आधी, पूर्वाने आणि मी पंखा साफ केला, डब्यातली रुई काढली आणि टेबल हातभर पुढे ओढलं.

महाराज आले. कपाटाची दारं बंद, डिझाईन चालू, जप सुरू. कान लावून बसले, पण घरघर काही येईना. "केदार, निरोप देतोस का?" स्क्रीन लख्ख. पुन्हा जप. त्यांचा घसा बसला, कपाळावर घाम आला, कॉम्प्युटर मात्र मजेत चालत होता.

"इथं कोणीतरी नास्तिक बसलाय," अखेर ते म्हणाले. "आत्मा रुसलाय."

"मीच तो," मी म्हणालो. "आता मला विचारू द्या."

मी पंख्याच्या भोकात फडका कोंबला, टेबल भिंतीला टेकवलं आणि सगळ्यांना गप्प बसून राहायला सांगितलं. मंत्र नाही, धूप नाही. थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. ती चढेपर्यंत थांबलो आणि विचारलं, "केदार, प्रितेश महाराजांनी हे घर सोडून जावं का?"

स्क्रीन काळा झाला.

मागे कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "हसू नका. हाही केदारचा होकार नाही. या क्षणी मी काहीही विचारलं असतं तरी हेच झालं असतं. तोंडावरून जाड गोधडी घेतली की आपलाच गरम श्वास परत आपल्याला लागतो. दारं बंद, मागचा पंखा बुजलेला, त्यात डिझाईनचं जड काम; या डब्याचं तेच होतं. फार तापला की जळू नये म्हणून तो स्वतःला बंद करतो. महाराज कान लावून डब्यातल्या पंख्याचा आवाज ऐकतात. नकार हवा असेल तर लवकर विचारतात, होकार हवा असेल तर घरघर वाढल्यावर."

"यंत्रात शंका शिरली की असंच होतं," असं काहीसं पुटपुटत महाराज जिन्यात चपला शोधायला गेले. ते परत आले नाहीत.

लोक पांगले. सरोजिनीताई तिथेच बसून होत्या.

"म्हणजे तो कधी आलाच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई."

"मी रोज त्याला सगळं सांगत होते."

आसावरीने टेबल पुढे ओढून भोकातला फडका काढला, कपाटाची दारं उघडली. ती रडली नाही. चहा ठेवायला आत गेली. कप हातात घेतल्यावर सरोजिनीताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "पूर्वाला शाळेत मी सोडीन. तू कामावर जा."

आसावरीला नोकरी परत मिळाली. घरात अजून फारसं कोणी बोलत नाही.

माझं सांगणं एवढंच. गेलेल्या माणसाच्या नावाने कोणी उत्तरं देऊ लागलं, तर आधी बघा की तो गेल्यापासून घरात काय काय हललंय. वस्तू उघडून बघा. प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी विचारू द्या. आणि ज्याचं उत्तर जिवंत माणूस देऊ शकतो, तो प्रश्न त्यालाच विचारा. आसावरीला जायचं आहे का, हे त्या भरलेल्या खोलीत एकानेही तिला विचारलं नव्हतं.