न मरणारी पेशी

"काका, तुमच्या पेशी मरायचं नाव घेत नाहीत," डॉक्टर राजनंदिनी म्हणाल्या, "म्हणून गळ्याची गाठ वाढतेय. मंगळवारी भरती व्हा. त्या संपवायचं औषध सुरू करू."

पुंजारामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुकुंदवाडीत त्याचं आणि त्याच्या सख्ख्या भावाचं, कडुबाचं, घर शेजारी-शेजारी, आणि मधल्या बोळीवरून दोघांचा दावा चाललेला. बोळ एवढी अरुंद की बकरीला वळता येऊ नये. त्या दाव्याची पुढची पेशी मंगळवारीच होती! पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. त्या शब्दाला दुसरा अर्थ असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"कडुबानं तुमालाबी फितवलं व्हय?" तो कडाडला. "माझी पेशी संपवणाऱ्या तुमी कोण?"

डॉक्टर चाट पडल्या. चतुराबाईने नवऱ्याला हाताला धरून खाली बसवलं. "अवो, अंगातल्या पेशी म्हणतात त्या!"

मग डॉक्टरांनी समजावलं. प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, तिची चूल पेटती ठेवणाऱ्या. पेशी पार बिघडली, की याच तंतुकणिकांचं आवरण उघडतं, त्यातून एक प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी शेजारणींना त्रास न देता स्वतःला मोडीत काढते. "तुमच्या गाठीतल्या पेशी ते आवरण उघडूच देत नाहीत. औषध ती अडवणूक काढतं."

"म्हंजे जी पोसती, तीच म्हणती, बस झालं, ऊठ आता?" पुंजारामाने विचारलं.

"हो."

पुंजाराम आणखीच भडकला. डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूला एवढी अक्कल, आणि कडुबाला नाही! "मंगळवार सोडून सांगा. मी गैरहजर राह्यलो तर बोळ त्याच्या घशात जाईल."

"जाऊ द्या," चतुराबाई म्हणाली.

"काय?"

"जाऊ द्या म्हणते. जलमभर रांधून घातलं तुमाला. आता मीच म्हणते, बस झालं, उठा त्या दाव्यातून." तिला हुंदका आवरेना. "बोळ घेऊन मी काय करू? कुणासंगं राहू तिथं?"

पुंजारामाने तोंड उघडलं. कडुबा, कोर्ट, ही बाई, आपलंच हे हट्टी अंग, सगळ्यांचाच एकदम संताप आला, आणि ओरडावं कुणावर ते कळेना. रक्त काढायला नर्स सुई घेऊन उभी होती.

"बघत काय बसलीस?" तो तिच्यावर खेकसला आणि बाही वर सरकवली. "काढ की!"