दोन डावे पंख

बाल्साचं लाकूड इतकं हलकं की हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटतो. नखाने दाबलं तर नखाचा वण उठतो.

टाचण्यांच्या डबीतल्या टाचण्या कमी होत चालल्या आहेत.

डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवरचा तक्ता. वरचं अक्षर हे एवढं मोठं. ते त्याने बरोबर सांगितलं. खालच्या ओळीला आल्यावर म्हणाला, "आता तुम्ही वाचा, मी ऐकतो."

गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याची डावी बाही आपल्या उजव्या हाताला येते. हे एकदा अंगात मुरलं की झोपेतही चुकत नाही.

क्रेनच्या केबिनमधून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. दिसायची.

इस्त्री तापली का बघायला बोट ओलं करून टेकवायचं. चर्र.

*

आता हे सगळं एका टेबलावर आणू.

टेबल टेलरबाईंचं. कापड बेतायचं, लांबलचक, एका कडेला टेप खिळ्यांनी ठोकलेली. गल्लीत सगळे तिला टेलरबाईच म्हणत, त्यामुळे तिचं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. तिच्या नवऱ्याला यार्डातले लोक आभाळराव म्हणायचे, कारण त्याचा अर्धा जन्म उंच क्रेनच्या केबिनमध्ये गेला होता. दुपारचा डबासुद्धा तो वरच खायचा. खाली उतरून जेवायला यायचं म्हणजे शिडीवरच पचून जातं, म्हणायचा.

मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेकडेने अंधार आत येत गेला. यार्डाने त्याला खाली उतरवलं आणि घरी बसवलं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी थोपवून धरू. किती काळ, ते मी सांगू शकत नाही.

"आता कसं दिसतं तुम्हाला?" टेलरबाईने घरी आल्यावर विचारलं होतं.

त्याने चाचपडत यंत्रावरची रिकामी बॉबिन उचलली आणि तिच्या डोळ्याला लावली. "हे असं."

तिने भोकातून बघितलं. एवढ्या मोठ्या खोलीतली एक कडी दिसली फक्त.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच बाहेर गेला आणि काखेत खोकं मारून आला. लाकडी विमानाचा संच. दुपंखी, म्हणजे एकावर एक असे पंख, वर दोन आणि खाली दोन. रिमोटवर उडणारं. तयार फोमची विमानं त्याने सुट्टीच्या दिवशी यार्डामागच्या मैदानात वर्षानुवर्षं उडवली होती, पण दुपंखी स्वतःच्या हाताने बांधायचं राहून गेलं होतं.

"डोळे जाताहेत आणि तुम्ही खेळणी आणताय?"

"डोळे जाताहेत म्हणूनच." खोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "अगं, मी आयुष्यभर वर बसून खालचं बघितलं. एकदा खाली उभं राहून मी बांधलेलं काहीतरी वर बघायचंय. बास. मग दिवे घालवले तरी माझी तक्रार नाही."

तो हे गमतीत बोलला असता तर बरं झालं असतं.

*

सूचनापत्रक तिनेच मोठ्याने वाचायचं, तो मान डोलवायचा:

नकाशा सपाट फळीवर पसरावा. त्यावर पारदर्शक कागद ठेवावा. फासळ्या नकाशावरील रेषांवर उभ्या करून टाचण्यांनी अडकवाव्यात. सांध्यांना गोंद लावावा. सुकेपर्यंत हलवू नये.

"सुकेपर्यंत हलवू नये," तो म्हणाला. "हे मला डॉक्टरीणबाईंनीपण सांगितलंय."

*

तो बोटांनी बांधायचा. टेलरबाई नकाशातल्या रेषांवर टाचण्या रोवून द्यायची, तो टाचण्यांच्या डोक्यांवरून बोटं फिरवत फासळी बरोबर जागेवर टेकवायचा. गोंदाचं बोट विजारीला पुसायचा. ती ओरडायची. तो म्हणायचा, "विजार आता पंखाइतकी मजबूत झाली बघ."

एक पंख झाला की तो तिच्याकडे मढवायला यायचा. वरून लावायचा कागद म्हणजे पातळ प्लास्टिकच, खालून गोंद असलेला. इस्त्री फिरवली की चिकटतो आणि आक्रसून ताठ बसतो. हे काम तिचंच. सुरकुती म्हणून पडू दिली नाही तिने. रंग त्याने निवडला होता, लालभडक.

"खोक्यात आलेला पिवळा घ्या की, उठून दिसेल."

"नाही. पिवळा, पांढरा सगळं माझ्या डोळ्यात आता एकच होतं. आभाळावर लाल तेवढा अजून सापडतो मला."

खोकं आणलं तेव्हा तो दारातून घरात सरळ यायचा. वरचे पंख होईस्तोवर चौकटीला हात लावून येऊ लागला. खालचा डावा पंख झाला तेव्हा समोर ठेवलेली चहाची कपबशी त्याने हाताने उडवली आणि कोणीतरी तिथे मुद्दाम ठेवली म्हणून चिडला. तिने तुकडे गोळा केले. तो उभाच होता, कुठे पाय टाकावा ते न कळून.

"मी टाचण्या रोवते ना उद्या सकाळी," ती म्हणाली.

"उद्या-उद्या करू नकोस. माझ्याकडे उद्या मोजके आहेत."

आणि शेवटच्या पंखाच्या टाचण्या, ती बाजारात असताना, त्याने स्वतःच रोवल्या.

*

तिने तो पंख मढवला. दोन्ही बाजूंनी लाल, कडा दुमडून, शिलाईसारख्या सरळ. मग दोन्ही खालचे पंख टेबलावर शेजारी ठेवले, आणि तिचे हात थांबले.

पंखाची पुढची कड जाड आणि गोल असते, मागची पातळ. पाठ फुगीर, पोट सपाट. तिने उजवा पंख उजवीकडे धरला. पाठ वर ठेवली तर जाड कड मागे जाते. जाड कड पुढे घेतली तर फुगवटा पोटाला येतो. तिने तो फिरवून बघितला, उलटून बघितला, पुन्हा फिरवला.

दोन्ही पंख डावे होते.

वरच्या पंखांचे दोन नकाशे होते, खालच्यांचा एकच, फक्त डाव्या पंखाचा. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ: उजव्या पंखासाठी कागदाला तेल लावून उलटा करावा, रेषा मागून दिसतील. त्याने कागद उलटा न करता फळीच गोल फिरवली होती.

पण राग तिला स्वतःचा आला. शिकाऊ पोरीने असा झगा आणला असता तर तिने तो तिच्या अंगावर फेकला असता. दोन डाव्या बाह्या! आणि तिने त्या न बघता इस्त्रीसुद्धा करून टाकल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत तो रिमोटशी खेळत बसला होता. अंगठ्यांनी काड्या वर-खाली, वर-खाली. डोळे मिटून. सराव म्हणायचा तो त्याला.

"झालं का गं?"

"होतंय," ती म्हणाली.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार तिने केला. तो म्हणाला असता, जाऊ दे. भांडला असता तर तिला चाललं असतं. तिला भीती होती त्या 'जाऊ दे'ची.

*

उसवणं हे शिवण्यापेक्षा अवघड काम. शिवताना हात पुढे जातो, उसवताना जीव मागे येतो.

शिट्टी त्याला दवाखान्यात घेऊन गेला की ती बसायची. शिट्टी म्हणजे यार्डातला खुणावाला, क्रेनखाली उभा राहून हातांनी आणि शिट्टीने खुणा करणारा, आभाळरावाचे खालचे डोळे. तो आता रोज घरी यायचा, कधी दवाखान्याला, कधी नुसताच.

तिने लाल कागद सोलला. तो फाटून चिंध्या झाला. ब्लेडने एकेक सांधा कापला. फासळ्या दोन्हीकडे सारख्याच असतात. चूक फक्त जोडणीची होती. दोन फासळ्या मोडल्या. त्या तिने डिंक लावून, दोरा गुंडाळून सांधल्या. नकाशाला खोबरेल तेल चोळलं, उलटा केला. रेषा मागून वर आल्या, अस्तरातून कापडाची नक्षी दिसावी तशा.

गोंद सुकायला वेळ लागत होता आणि दवाखान्यातली रांग पुढे सरकत होती. ती पंखावर फुंकर मारत बसली. वेड्यासारखी. मोठी माणसं लहान मुलाच्या खरचटल्यावर मारतात तशी.

पंख सुकला. मग कागदाची गुंडाळी उलगडून बघितली. दुकानात माणूस पाठवला तर लाल पुढच्या महिन्यात येईल म्हणाले. पुढचा महिना कोणाकडे होता? जे होतं त्यात तिने भागवलं.

*

चारही पंख जोडल्यावर त्याने विमान मांडीवर घेतलं. इकडून तिकडे बोटं फिरली. खालच्या उजव्या पंखाच्या मुळाशी, जिथे फासळ्या उघड्या राहतात, तिथे थांबली.

"हे टाके कोणाचे?"

"कसले टाके?"

"गोंदाचे. मी गोंद थापतो. हे थेंब आहेत, सारख्या अंतरावर. हे तुझे आहेत."

तिने इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

"काय चुकलं होतं?"

"काही नाही हो."

"अगं बाई, मला दिसत नाही म्हणून मी खुळा नाही झालो. काय चुकलं होतं?"

"दोन्ही बाह्या डाव्या."

तो हसला. खदाखदा हसला, दाराशी चप्पल काढणारा शिट्टीही न कळता हसायला लागला. मग हसू मध्येच तुटलं.

"तेवढंही मला जमत नाही आता," तो म्हणाला.

"जमलं की. डावा पंख दोनदा जमला तुम्हाला," ती म्हणाली.

त्याने विमान मांडीवरून उचलून टेबलावर ठेवलं. "उद्या सकाळी उडवायचं. शिट्टी, तू हातातून सोडशील."

"वारा आहे रे उद्या," शिट्टी म्हणाला. "दोन दिवस थांबू."

"सकाळी खिडकी कुठे आहे ते मला आज हाताने शोधावं लागलं. थांबतोस?"

शिट्टीने बॅटरी चार्जला लावली.

*

मैदानाला तीन बाजूंनी गोदामं. पत्र्याची छपरं. वारा होताच.

टेलरबाई त्याच्या मागे उभी राहिली, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. ठरलं होतं असं: डावीकडे वळवायचं तर डावा खांदा दाबायचा, खाली आणायचं तर दोन्ही. विमान समोरून येत असलं की लोकांची डावी-उजवी उलटी होते, पण तिची होणार नव्हती. बाही घालणाऱ्याची असते, बघणाऱ्याची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"विमानाचं डावं सांगशील ना, माझं नाही?"

"मला शिकवू नका."

शिट्टी धावला आणि सोडलं. विमान आधी खाली बसलं, जमिनीला टेकतंय की काय असं, मग त्याने नाक उचललं. आवाज बारीक, शिवणयंत्र जोरात चालवावं तसा. चार पंख आणि मधले बारीक खांब, सगळं एकसंध. वर गेलं.

"गेलं! अहो, गेलं!"

"कुठंय? कुठंय?" त्याची मान दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी हलत होती. त्याचं भोक एवढंसं आणि आभाळ केवढं. "अगं, कुठंय?"

"नाकासमोर. थोडं वर. नाही, आता उजवीकडे." तिने खांदा दाबला. विमान वळलं. त्याचे अंगठे अजून शहाणे होते, सांगितलेलं लगेच ऐकत होते. "डावं. डावं. बास. सरळ."

"मला सापडत नाहीये."

"सापडेल."

"सापडत नाहीये गं!"

हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. शिडीवरून पाय सुटलेल्या माणसाचा असावा तसा. तिने ठरवलं, विमान त्याच्या बघण्यात जात नाही तर त्याच्या डोक्यावर आणायचं. दोन्ही खांदे धरून तिने विमान गोल फिरवून आणलं, गोदामाच्या कडेने, मैदानाच्या मधून, खाली, अजून खाली.

"मान वर करा. सरळ वर. आता येतंय. आता, आता, बघा, बघा वर!"

विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं. इतकं खालून की पंख्याचा वारा लागल्यासारखा वाटला. त्याचं तोंड वर, डोळे सताड.

आणि मग ते सूर्यात शिरलं. तिचे डोळे दिपले. नुसता पांढरा जाळ. तिने डोळे चोळले, हात कपाळावर धरला, काही नाही.

"बोल ना," तो म्हणाला. "डावं की उजवं?"

"मला दिसत नाही."

"काय?"

"मला दिसत नाहीये हो!"

मग रिमोट छातीशी धरून त्याने कान वळवला, आवाजाच्या दिशेला. अंगठा किंचित मागे घेतला. शिट्टी लांबून जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होता, पण त्या खुणेचा अर्थ क्रेनच्या वेळी थांब असा होता, आणि विमानाला थांबता येत नाही.

पत्र्यावर आवाज झाला. फार मोठा नाही. बाल्साचा आवाज मोठा होत नाही.

शिट्टी छपराकडे धावला आणि परत आला, हातात एक पंख, बाकी दोऱ्यात लोंबणाऱ्या काड्या. दोरा गुंडाळलेली फासळी मात्र शाबूत होती.

टेलरबाईचे हात अजून नवऱ्याच्या खांद्यांवरच होते. ती वाट बघत होती, तो 'जाऊ दे' म्हणेल म्हणून.

"दिसलं," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, दिसलं मला! डोक्यावरून गेलं ना, तेव्हा. सगळं पोट दिसलं. लालभडक." तो हसत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "आभाळात लालच सापडणार, मी म्हटलं नव्हतं?"

शिट्टीने हातातल्या पंखाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. टेलरबाईने त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं.

"हो," ती म्हणाली. "लालभडक."

*

लाल कागद कमी पडला तेव्हा तिने चांगलं ते वर ठेवलं होतं, आणि खालच्या दोन्ही पंखांच्या पोटांना, जोडी जुळावी म्हणून डाव्याचाही लाल सोलून, झग्याला अस्तर लावावं तसा, खोक्यात उरलेला पिवळा कागद लावला होता.