राखाडी झाकणाची नळी

सुनेने बाबांना विष घातलं, हे ताईने रिपोर्ट हातात यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. रिपोर्टाने फक्त तिची री ओढली.

बाबांना आठवडाभर मळमळत होतं आणि ओट्याखाली झुरळांच्या औषधाची बाटली होती. ताई मधुमेहाच्या दवाखान्यात नर्स. असल्या औषधाने रक्तातलं एक एन्झाइम मंदावतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिने स्वतः बाबांचं रक्त काढलं, वर 'तातडीचे' लिहिलं आणि लॅबमध्ये दिलं. एन्झाइम जवळजवळ बंदच निघालं.

"आता बोल," ती भावजयीला म्हणाली.

"काय बोलू? मीही त्याच भांड्यातलं जेवते."

"स्वतःचं आधी काढून ठेवत असशील."

भाऊ मान खाली घालून बसला. बाबांनी पुढ्यातलं ताट हळूच दूर सारलं. ते पाहून ताईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून ताईने ऐटीत स्पीकर लावला.

"रक्त राखाडी झाकणाच्या नळीत का पाठवलंत?"

ताईने बॅग उघडून पाहिली. दवाखान्यात दिवसभर साखरेसाठी रक्त काढायचं, बॅगेत नळ्या त्याच.

"त्यात फ्लोराइडचा क्षार असतो," बाई म्हणाल्या. "रक्तातली साखर टिकावी म्हणून तो एन्झाइमांना अडवतो. हेही त्यानेच अडवलं. तातडीचं लिहिलंत म्हणून लॅबमधल्या मुलांनी न बघता मशीनला लावलं. लाल झाकणाच्या नळीत पुन्हा पाठवा."

दुसऱ्या नळीतलं एन्झाइम ठणठणीत निघालं. मळमळ होती ती बाबांच्या मधुमेहाच्या नव्या गोळीची, आणि ती गोळी ताईनेच आणून दिली होती.

"चुकलं माझं," ती दात-ओठ खात म्हणाली. "विषय संपला."

भावजयीने बाबांना वाढलं. बाबा ताटाकडे बघत राहिले, मग लेकीला म्हणाले, "तू आधी एक घास खाऊन बघ."

भावजयीने ताट उचललं आणि ताईच्या मांडीवर ठेवलं.

"उद्यापासून यांचं जेवण तुम्ही करा. दोन्ही वेळचं."

"माझी ड्यूटी असते. घर शहराच्या त्या टोकाला."

ताईने भावाकडे पाहिलं. भावाने आता कुठे मान वर केली.

"पहिली बस पहाटे असते, ताई," तो म्हणाला.