आधी पट्टा, मग कुत्रा

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला. आज मी अकरा इंचांचा आहे, पण जन्मलो तेव्हा चांगला चोवीस इंचांचा होतो. तुम्ही वयानं वाढता, मी वयानं कमी झालो. आणि खरं सांगतो, कमी झाल्यावरच मी सुखी झालो.

माझा जन्म कोल्हापुरात जोतीरामकाकांच्या दुकानात झाला. काका चपला शिवतात आणि बेंदराच्या सणासाठी बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे करतात. एके दिवशी तिथं शाहूपुरीतले धैर्यशीलराव आले. त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आवाज मोठा, मन मोठं आणि हौस तर विचारूच नका.

"कुत्र्याला पट्टा पाहिजे. एक नंबर! रुंद, पितळी फुलं लावून."

"मान केवढी हाय?" काकांनी विचारलं.

धैर्यशीलरावांनी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरून दाखवली.

"आनि कुत्रं कुठं हाय?"

"आणायचं हाय अजून."

काकांनी हातातली चामडं टोचायची आरी खाली ठेवली. "पावणं, आदी मान आणा की. मग पट्टा कापू."

"तुम्ही करा हो पट्टा! पट्ट्याला बसंल असं कुत्रं आणतो की!"

मग काय, मी तयार झालो. बैलाच्या पट्ट्याचं जाड चामडं, त्यावर दोन ओळी पितळी फुलं आणि मधोमध एक पितळी पट्टी. तिच्यावर 'सुलतान' असं कोरलं होतं. म्हणजे कुत्र्याआधी त्याचं नावसुद्धा ठरलं! मी आरशासमोर टांगलेला होतो आणि स्वतःकडे बघून माझं समाधान होत नव्हतं. आपल्याला साजेशी मान या जगात असेल का, हीच मला काळजी होती.

धैर्यशीलरावांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांच्या पत्नी वर्षाराणी यांचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. मुलगी मोना तेव्हा पहिलीत होती. कुत्रा पाहिजे हा हट्ट मूळचा तिचा. बोलायला येऊ लागल्यापासून तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पट्ट्याला बसणारं कुत्रं आलं. सेंट बर्नार्ड! बर्फाच्या डोंगरातली जात. पिल्लू होतं तेव्हा ते माझ्यातून आरपार निघून जायचं, पण दीड वर्षात त्याची मान माझ्या मापाची झाली. धैर्यशीलरावांच्या वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड गल्लीच्या तोंडाला लागला. त्यात त्यांच्या शेजारी सुलतान आणि त्याच्या गळ्यात मी. येणारे-जाणारे थांबून बघायचे. त्या दिवसांत माझी ऐट कुणाला सहन झाली नसती.

पण मित्रांनो, एप्रिल आला. बर्फातला तो जीव दिवसभर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जीभ काढून पडू लागला. मोना उंबऱ्यात बसून, पाय ओले करून गृहपाठ करायची. एका दुपारी जिना चढताना सुलतान दुसऱ्या मजल्यावर जो बसला तो उठेचना. चौघांनी चादरीची झोळी करून त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर श्रुती यांनी त्याला बरं केलं आणि धैर्यशीलरावांना सरळ सांगितलं, "याच्या अंगावरचा कोट खुंटीला अडकवता येत नाही. याला थंड गावी पाठवा."

सुलतान महाबळेश्वरला एका ओळखीच्या कुटुंबाकडे गेला. त्यांचा बंगला आहे, बाग आहे. आजही तिथून त्याचे लोळतानाचे व्हिडिओ येतात. तो मजेत आहे. मोना मात्र दोन दिवस जेवली नव्हती.

धैर्यशीलराव हार मानणाऱ्यांतले नाहीत. "आता आपल्या उन्हाचंच कुत्रं आणतो," म्हणाले आणि कारवान घेऊन आले. शिकारी जात, उंच, सडपातळ, पाय बघावेत तर हरणाचे. नाव परत सुलतानच. पट्टीवर कोरलेलं होतं ना! त्याची मान बारीक आणि डोकं त्याहून बारीक. जोतीरामकाकांनी मला सहा भोकं वाढवून दिली, तरी माझं शेपूट वीतभर बाहेर लोंबायचं. मला फार अपमानास्पद वाटलं.

ऊन त्याला बाधत नव्हतं. पण त्याला पळायला लागायचं, आणि खूप पळायला लागायचं. शाहूपुरीच्या बोळातून पंधरा मिनिटांचा फेरफटका त्याला काय पुरणार? त्यानं सोफा फाडला, चपला चावल्या, दुकानातले तीन फ्रॉक चिंध्या करून टाकले. आणि एका सकाळी मान मागं ओढून तो माझ्यातून सुटला आणि दिसेनासा झाला. रस्त्यात मोना उभी, तिच्या हातात दोरी आणि दोरीला मी, रिकामा. तो चेहरा मी विसरलेलो नाही. संध्याकाळी हा पठ्ठ्या पंचगंगेच्या काठी म्हशींबरोबर शर्यत लावताना सापडला.

तोही गेला. मोनाचे मामा पृथ्वीराज यांचं पेठ वडगावजवळ शेत आहे, तिथं तो आता उसाच्या बांधाबांधानं दौडतो. कुत्रं वाईट नव्हतं आणि घरही वाईट नव्हतं. एकमेकांना शोभत नव्हती, एवढंच.

मग माझे वाईट दिवस आले. वर्षाराणींनी माझ्यानं रद्दीचा गठ्ठा आवळला आणि मला माळ्यावर टाकलं. पावसाळ्यात अंगावर बुरशी चढली. एके काळी बोर्डावर झळकलेला मी, आता वर्तमानपत्रं धरून बसलो होतो. दोन वर्षं गेली.

मोनाच्या दहाव्या वाढदिवसाला वडिलांनी विचारलं, "काय पाहिजे बोल!" ती उठली. माळ्यावर चढली, मला रद्दीपासून सोडवलं, पुसलं आणि टेबलावर आणून ठेवलं.

मग वर्षाराणी म्हणाल्या, "बरं. पण अहो, ऐका. आता तिसऱ्यांदा परत पाठवायची वेळ आली, तर या घरात कुत्र्याचं नाव काढायचं न्हाय. पोरीनं किती वेळा रडायचं?"

या वेळी धैर्यशीलराव बाजारात न जाता दवाखान्यात गेले. मोना बरोबर होती आणि मी तिच्या हातात.

"कुठली जात घेऊ सांगा, मॅडम."

"ते शेवटी," डॉक्टर श्रुती म्हणाल्या. "आधी तुमचं घर सांगा. दिवसभर कोण असतं? रोज किती चालणार? खरं सांगा हं."

"लॅब्रॅडॉर चालंल?"

"त्याच्याबरोबर रोज तासभर पळणार कोण, तुम्ही?"

धैर्यशीलरावांनी पोटावरून हात फिरवला आणि मोना फिसकन हसली. पगचं नाव निघालं, पण चपट्या नाकानं त्याला उन्हात धाप लागते. डॅशहाउंडची पाठ लांब, रोज तीन मजले चढून ती दुखणार. पिल्लू नकोच, कारण त्याच्याजवळ सतत कुणीतरी लागतं आणि ही माणसं दुकानात. शेवटी डॉक्टरांच्या कागदावर जातीचं नाव एकही उरलं नाही. उरलं ते एवढंच: लहान अंगाचं, आखूड केसांचं, मोठं झालेलं, माणसांत आणि आवाजात रमणारं.

"असं एक कबनूरला आहे," त्या म्हणाल्या.

कबनूरला आण्णा नावाचे गृहस्थ यंत्रमाग विकून मुलीकडे बेळगावला राहायला निघाले होते. अजून चालू असलेल्या मागांच्या शेडमध्ये, त्या खडखडाटात, सुताच्या ढिगावर एक तांबूस कुत्री झोपली होती. चार वर्षांची, मांजरीपेक्षा थोडी मोठी.

"जात कुठली, आण्णा?" धैर्यशीलरावांना राहवलं नाही.

"आई पामेरियन, बाप कबनूरचा. एवढंच म्हाईत हाय बघा."

कबूल करतो, माझी निराशा झाली. ही मान? माझ्यातून तर अख्खी कुत्री निघून जाईल! आठ दिवस ठेवून बघायचं ठरलं. मोनानं तिच्या गळ्यात दुकानातली मऊ नाडी बांधली. मला खुंटीवर टांगलं. काय नाव ठेवायचं, असं वडिलांनी विचारलं तर मोना म्हणाली, "आदी ही राहू दे, पप्पा. मग नाव."

आठही दिवस मी खुंटीवरून घरातलं बघत होतो आणि दुकानातलं ऐकत होतो. कुत्री सकाळी वर्षाराणींबरोबर दुकानात जायची, काउंटरखाली झोपायची. येणाऱ्या लहान मुलांना हुंगायची, पण कुणाच्या अंगावर जात नव्हती. संध्याकाळी धैर्यशीलराव चालून दमले की तीही दमलेली असायची! मोना शाळेतून आली की कुत्री जिन्यापर्यंत धावत जायची आणि तिच्या पायांभोवती गोल गोल फिरायची. मोना हसायची, पण लगेच स्वतःला आवरायची. अजून दिवस भरायचे होते.

आठव्या दिवशी खालून मिरवणूक निघाली. स्पीकरच्या भिंती अशा वाजू लागल्या की खिडकीच्या काचा आणि खुंटीवरचा मी, दोघंही थरथरलो. सगळ्यांचं लक्ष कुत्रीकडे. मागांच्या खडखडाटात वाढलेली ती मोनाच्या पावलावर डोकं ठेवून घोरत होती.

वर्षाराणींनी वाकून तिच्या गळ्यातली नाडी चाचपली. मग म्हणाल्या, "अहो, नाडी किती दिवस बांधायची? पट्टा करून आणा की."

मोना खाली बसली. तिनं कुत्रीच्या अंगावर तोंड ठेवलं आणि पोटभर रडली. हे रडणं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी धैर्यशीलराव मला, मोनाला आणि कुत्रीला घेऊन जोतीरामकाकांकडे गेले. काका हसले. "आज मान आणलासा व्हय!" त्यांनी तिच्या गळ्याभोवती दोरा फिरवून माप घेतलं. "अकरा. कापावं लागंल की."

धैर्यशीलरावांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. "कापा."

चामडं कापायची रापी जवळ आली तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात कुत्रीनं मला चाटलं. दोन सुलतानांनी मला ओढलं, चावलं, झटकून टाकलं होतं. चाटलं कुणीच नव्हतं. मग मी हललो नाही.

नावाची पट्टी निघाली, लांबी गेली, रुंदीही निम्मी झाली. राहिली ती पितळी फुलांची एकच ओळ, गळ्यालगत. मोना थोडी मागं सरून बघत राहिली आणि ओरडली, "पप्पा! मम्मीच्या ठुशीगत दिसतंय की!"

"मग नाव?"

"ठुशी!"

ठुशीनं शेपटी हलवली. माझ्या उरलेल्या तुकड्यात धैर्यशीलरावांनी गाडीची किल्ली अडकवून घेतली आहे. कुणी मित्र कुत्र्याची जात विचारायला आला की ते किल्ली पुढं करतात आणि म्हणतात, "आदी घर सांग."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा जीव येणार असेल, तर त्याला आधी तुमचे जिने, तुमचं ऊन, तुमचे रिकामे तास दाखवा. बोर्डावर कोण शोभेल ते बघू नका, पावलावर कोण झोपेल ते बघा. आणि माझं एवढं ऐका. पट्टा शेवटी घ्या.