माशांच्या बाळंतपणात बाहेर बसलेला दिवा

मित्रांनो, पितळेचा एक जुना दिवा तुमच्याशी बोलतो आहे. बोलता बोलता मी मधेच हललो, थरथरलो, तर समजून घ्या. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. कोणी दार उघडलं की मी दचकतो, कोणी शिंकलं तरी दचकतो. वारा नसला तर तेल किती उरलं याचा घोर लागतो.

माझा जन्म कुंभकोणाजवळच्या नाचियारकोविलचा. तिथल्या भट्टीत मला ओतलं, कानशीने घासलं आणि चिंचेने चकचकीत केलं. मला कामाक्षी दिवा म्हणतात. मागे छोटी पाटी, तिच्यावर देवी बसलेली, आणि पुढे एकाच वातीपुरती चोच. तमिळ मुलखात नवी सून असा दिवा हातात घेऊन सासरचा उंबरठा ओलांडते. तंजावरच्या आमच्या मराठी घरांनी ही रीत कधी उचलली, ते आता कोणालाच आठवत नाही. कनकलताबाई मला घेऊन या घरात आल्या, तेव्हा त्यांचे हात कापत होते आणि माझी वातही. तेव्हाच आमचं जमलं.

पुढे रोज दिवेलागणीला बाई मला कूडात, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत, देवांच्या फळीवर लावत. पाहुणे म्हणत, काय तेज आहे दिव्याला! मी उगाच ताठ जळायचो. मग बाईंचे यजमान बाळकृष्णराव गेले. शाळेत मुलांना धाकात ठेवणाऱ्या त्या माणसाला अंधाराचं भय वाटायचं, हे फक्त बाईंना आणि मला ठाऊक होतं. ते गेल्या दिवसापासून बाईंनी मला रात्रभर जळतं ठेवलं. बाईंचं बोलणंही तेव्हापासून आटलं. जेवायला वाढलं तर जेवत, नाहीतर माझ्याकडे बघत बसत.

त्याच सुमारास मद्रासच्या दुकानांत परदेशी माल येऊ लागला होता. आमच्या रस्त्यावर रंगीत टीव्ही आले, गच्च्यांवर थाळ्यांसारख्या छत्र्या उगवल्या. बाईंचा मुलगा हरिप्रसाद बँकेच्या कामाला मद्रासला गेला आणि येताना काचेची पेटी, परदेशी समुद्रमिठाची पिशवी आणि दोन नारिंगी मासे घेऊन आला. अंगावर पांढरे पट्टे, चालणं डुलतं.

बाई बऱ्याच दिवसांनी एवढं बोलल्या. "समुद्र इथून दोन तासांवर आहे. आणि तू मीठ मद्रासहून आणतोस?"

"त्यात सगळं मोजून घातलेलं असतं अम्मा."

ती पिशवी संपल्यावर हरिप्रसाद नागपट्टिनमच्या बसने डबे भरभरून समुद्राचं पाणी आणू लागला आणि कंडक्टरची बोलणी खाऊ लागला. पेटी ठेवली ती देवांच्या फळीशेजारी, कारण विजेचा पॉइंट तिथेच होता. हवेचा पंप रात्रंदिवस घुर्र घुर्र करायचा. खारे शिंतोडे उडून माझ्या कडेला हिरवट कळंक चढला. मला त्या पेटीचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

पण बाईंना माशांचा लळा लागला. दोघांत मादी मोठी आणि नर लहान, म्हणून बाईंनी नावं ठेवली मोठी आणि धाकटा. एके दिवशी मोठीने तिथल्या मातीच्या कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. डाळिंबाच्या दाण्यांहून कितीतरी बारीक, नारिंगी. मोठी पेटीभर फिरायची आणि धाकटा अंड्यांपाशी बसून पंखांनी वारा घालायचा. मेलेलं अंडं तोंडाने वेचून काढायचा.

"बघ गे सुप्रभा," बाई सुनेला म्हणाल्या, "बाप मुलं राखतो आणि आई गावभर. असं असतं तर मी पण काशी करून आले असते." सुप्रभा हसली, आणि बाईही हसल्या. त्या घरात हसण्याचा आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

सुप्रभा महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायची. अंडी फुटवून पिल्लं वाढवायची, असं तिने मनावर घेतलं. पिल्लांचं तोंड सुईच्या टोकाएवढं. त्यांना खायला डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात. किनाऱ्यावरच्या एका मत्स्यशाळेतून तिने त्यांचं विरजण आणलं आणि गच्चीवर हिरव्या पाण्याच्या बाटल्यांत वाढवलं. शेजारच्या वत्सलामामी विचारायच्या, "हे काय पेय आहे?"

आठवड्याभराने अंड्यांत चंदेरी डोळे चमकायचे. म्हणजे त्या संध्याकाळी अंधार पडला की ती फुटायला हवीत. सुप्रभा ट्यूबलाइट बंद करी, टीव्ही बंद करी, खिडक्यांवर जाड चादरी टांगी. सगळे श्वास रोखून बसत. काही होत नसे. दुसऱ्या दिवशी तशीच, तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडत आणि धाकटा ती खाऊन टाकी. पुन्हा अंडी, पुन्हा तेच. बाईंचं तोंड उतरायचं. इकडे मी माझ्या फळीवर तळमळत जळायचो, आणि काय चुकतं ते मलाही कळायचं नाही.

मग आडीचा महिना आला. आपला आषाढ-श्रावण म्हणा ना. आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, असं इथे म्हणतात. एकदा तारा तुटून दिवसभर करंट नव्हता, घरात कोणी नव्हतं, पंप बंद पडला. संध्याकाळी बाई देवळातून आल्या तेव्हा मोठी पाण्यावर आडवी तरंगत होती. धाकटा कसाबसा जगला. कौलावर मोठीने घातलेली ताजी अंडी होती आणि तो त्यांना वारा घालतच होता.

बाई रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही पानावरून तशाच उठल्या. माझ्यापुढे बसून हळूच म्हणाल्या, "एकटा राहिला रे बिचारा." आणि मला कळलं की त्या फक्त माशाबद्दल बोलत नाहीत.

सुप्रभाने ते ऐकलं. आता पुन्हा अंडी होणार नव्हती. ही फुकट गेली तर अम्मा परत गप्प होतील, या भयाने तिला काही सुचेना. ती एसटीडी बूथवर गेली आणि तिने मत्स्यशाळेतल्या माणसाला सगळं विचारलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. देवांना नमस्कार केल्यासारखं करून ती माझ्याकडे बघत राहिली. असं कोणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. माझी वात तडतडली.

"काय म्हणाला तो?" बाईंनी विचारलं.

"काळोख पाहिजे म्हणाला. पूर्ण. एक ठिपका उजेडसुद्धा नको."

"मग आपण सगळं बंद करतोच की."

सुप्रभाची नजर माझ्यावरून हलेना. मित्रांनो, ध्यानात आलं का? ट्यूबलाइट विझवली, टीव्ही विझवला, पण मी जळतच होतो. पेटीपासून हातभर अंतरावर, रात्रभर. एवढी शिकलेली सुप्रभा, एवढा हुशार हरिप्रसाद, पण मला कोणी उजेडात मोजलंच नव्हतं. दिवा म्हणजे देवाचा. तो का दिव्यांत मोजायचा असतो?

बाई सुनेच्या नजरेमागून माझ्यापर्यंत आल्या. फळीला हात टेकून उभ्या राहिल्या. "ह्यांना मी शब्द दिला आहे," त्या म्हणाल्या. "रात्री घर काळोखात ठेवणार नाही."

"नको अम्मा. राहू दे. नाही झाली पिल्लं तर नाही झाली." एवढं बोलून सुप्रभा स्वयंपाकघरात गेली. मला तिथून मुसमुसणं ऐकू येत होतं.

अंड्यांत चंदेरी डोळे चमकले तो दिवस उजाडला. दिवसभर घरात कोणाचा पाय ठरत नव्हता. बाई कूडातून अंगणात, अंगणातून कूडात. दिवेलागणीला त्यांनी मला रोजच्यासारखं लावलं, हात जोडले आणि मग उचललं. जळतंच. मी पार गोंधळलो.

"चल," त्या मला म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीत गर्दी नको. आपण बाहेर बसू."

त्यांनी मला दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, आणून ठेवलं आणि दार ओढून घेतलं. घराचा दिवा जळत होता, शब्द मोडला नव्हता. पण बाहेर आडीचा वारा! मी एकदा डावीकडे लोळलो, एकदा उजवीकडे. बाई वाऱ्याकडे पाठ करून बसल्या, पदर ताणून माझ्याभोवती धरला. वत्सलामामी विचारत्या झाल्या, "अहो, दिवा बाहेर का?" बाईंनी सांगितलं, "आत आमच्याकडे बाळंतपण आहे." मामी बघतच राहिल्या.

तासाभराने साऱ्या रस्त्याचा करंट गेला. पंपाची घुर्र घुर्र थांबली. मला त्या आवाजाचा एवढा राग, पण तो थांबताच मी दचकलो. मोठी अशीच तर गेली होती.

दार किलकिलं झालं. आतून सुप्रभाचा दबका आवाज आला. "अम्मा, फुटतात वाटतं. काळोख होऊन बराच वेळ झाला. पिल्लं उजेडाकडे येतात, मग काढून घ्यायची असतात. मी टेबललँप ठेवला होता, आता करंटच नाही. बॅटरीही पेटत नाही. दिवा आणा."

"हाच?"

"हाच."

बाई मला घेऊन उठल्या आणि उंबरठ्यावर वाऱ्याने झोत मारला. मी विझलोच होतो. वातीच्या टोकाशी निळा ठिपका उरला. बाईंनी उघडा तळहात माझ्यावर धरला, चटका बसला तरी काढला नाही. मी जीव धरून राहिलो आणि हळूहळू सरळ झालो. मित्रांनो, एवढं मन लावून मी कधीच जळलो नव्हतो.

त्यांनी मला काचेच्या कोपऱ्याशी धरलं. आधी काहीच दिसेना. मग पाण्यात धूळ हलल्यासारखं झालं. ती धूळ एका दिशेने येऊ लागली. प्रत्येक कणाला दोन डोळे होते. काचेच्या पलीकडून ती सगळी माझ्याकडे येत होती, आणि मी थरथरलो की तीही थरथरत होती.

"दिव्याकडे येतात गे हे," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "अंधाराला भितात." सुप्रभा वाटीने अलगद पिल्लं उचलून काळ्या टबात सोडत होती. तीही रडत होती. थोड्या वेळाने करंट आला, पंप पुन्हा घुरघुरू लागला, आणि त्या रात्री सासू-सून एका ताटात दहीभात जेवल्या.

सगळी पिल्लं जगली नाहीत. पुष्कळ मेली, आणि दर सकाळी बाई टबाशी जायला घाबरायच्या. पण काही वाचली, नारिंगी झाली, त्यांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटला. आणि एक नवल घडलं. धाकटा हळूहळू वाढत गेला आणि चक्क मादी झाला. या माशांत तसंच होतं, सुप्रभाने समजावलं. बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. "घरात कोणी तरी मोठं व्हावंच लागतं," त्या म्हणाल्या. पिल्लांतलाच एक त्याचा जोडीदार झाला आणि कौलावर पुन्हा अंडी दिसू लागली.

कनकलताबाई आता नाहीत. त्या गेल्या त्या संध्याकाळी अंड्यांत डोळे चमकत होते. घरभर रडणं, माणसांची ये-जा. मला वाटलं, आज कोणाला आठवणार? पण दिवेलागणीला सुप्रभाने मला लावलं, बाईंच्या उशाशी क्षणभर धरलं, आणि मग तिण्णैवर आणलं. वाऱ्याकडे पाठ करून ती बसली आणि तिने पदर ताणून धरला.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा दिवा असेल. त्याला चिंचेने घासा, वेळेवर तेल घाला. पण कोणाला जन्माला यायला अंधार लागत असेल तर खुशाल मला उचलून बाहेर ठेवा. मी रागावणार नाही. फक्त वाऱ्यात मला एकटं सोडू नका.