दारापेक्षा मोठं गाव

टेबल दारातून बाहेर जाणार नाही, हे सगळ्यात आधी दाताच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी टेप पुन्हा एकदा दाराच्या चौकटीला लावला, मग टेबलाच्या अरुंद बाजूला लावला, आणि तो न गुंडाळताच ते स्टुलावर बसले.

"आडवं करा, उभं करा, तिरकं करा. नाही जाणार."

"आणि खिडकीतून?" भूगोलाच्या मास्तरांनी विचारलं.

"खिडकीतून तुम्ही तरी जाल का?"

मास्तरांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

मुलगी दारातच उभी होती. घर विकलं गेलं होतं. महिनाअखेर नवी माणसं राहायला येणार होती आणि आई तिच्याकडे जाणार होती. खालच्या खोल्या आवरून झाल्या होत्या. भांडी, शिलाई मशीन, कपाटं, सगळ्याची वाट लागली होती, म्हणजे जिकडे जायचं तिकडे गेलं होतं. उरली होती ती वरची ही खोली, आणि तिच्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली बाबांची छोटी रेल्वे. ती आपल्या घरी न्यायची, हे तिने बाबा गेले त्याच आठवड्यात मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी तिने घराची बाहेरची खोली रिकामी केली, पुस्तकांची कपाटं बोळात हलवली, आणि तेव्हापासून त्या बोळातून सगळ्यांना अंग चोरून जावं लागत होतं. नव्या मालकांनी अगदी सभ्यपणे सांगितलं होतं, तुम्ही त्रास घेऊ नका, राहू द्या तसंच, आम्ही फोडून काढू. माणूस चांगला होता. पण त्यातला 'फोडून' हा शब्द तिच्या कानातून जात नव्हता.

डॉक्टर सांगत होते, की असल्या रेल्वेचा शौक करणारे झाडून सगळे टेबल तुकड्यातुकड्यांनी बनवतात आणि तुकडे बोल्टने जोडतात. न जाणो, उद्या घर बदलावं लागलं तर. "मी मिस्त्रींना म्हटलंही होतं. तर मला म्हणतात, बोल्टच लावायचा असता तर लोहार झालो असतो."

खाली वाकून पाहिलं तर खरंच कुठे बोल्ट नव्हता, स्क्रू नव्हता, साधा खिळासुद्धा नव्हता. लाकडाच्या खाचेत लाकूड बसवून, सरस भरून, सगळा सांगाडा एकजीव केलेला. तो उघडणं म्हणजे मोडणंच.

बाबा फर्निचरच्या कारखान्यात मिस्त्री होते. त्यांच्या हाताखालच्या लोकांना त्यांचा एकच नियम पाठ असायचा: आधी दार, मग कपाट. कुणी पलंगाची ऑर्डर घेऊन आलं की बाबा लाकूड कुठलं, रंग कुठला, हे नंतर विचारायचे. आधी त्याच्या घरी जाऊन दाराचं, जिन्याचं, जिन्याच्या वळणाचं माप घ्यायचे. फार पूर्वी कारखान्याने एका वकिलासाठी कपाट केलं होतं, ते घरात शिरलंच नाही. वकिलाने जन्मभर ते ओट्यावर ठेवलं आणि त्यात चपला ठेवल्या. ही गोष्ट बाबांनी जेवताना इतक्यांदा सांगितली होती, की शेवटी शेवटी ते "एक वकील होता" एवढंच म्हणायचे आणि आई स्वयंपाकघरातून "त्याच्या चपलांना सागवानी कपाट" म्हणून ती संपवून टाकायची.

असा माणूस खोलीत टेबल बांधतो आणि दाराचं माप घेत नाही, हे मुलीला पटेना.

"पट्टीचा पोहणाराच बुडतो," डॉक्टर म्हणाले.

"बाबा नाही बुडायचे," ती म्हणाली. "त्यांनी मुद्दामच केलंय हे. त्यांना ते इथून हलवायचंच नव्हतं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, की तसं असेल तर करवतीला हात लावायला आपलं मन होणार नाही. आणि तिचंही होईना. बाबांची शेवटची इच्छा जर या लाकडातच सरसाने चिकटवून ठेवलेली असेल, तर ती कापायची कुणी? आणि न कापावं, तर महिनाअखेर ती फोडली जाणार. ती वळून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तिला आठवलं. बाबा घरात कुठेही मावत नव्हते. आईचे ड्रॉवर काढून पुन्हा बसवायचे, शेजाऱ्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायचे, भाजी चिरणाऱ्या आईला सुरी कशी धरावी ते शिकवायचे. आईने फोनवर तिला सांगितलं होतं, यांना कामाला लाव नाहीतर मला तरी घेऊन जा. मग त्यांची दाढ दुखायला लागली. डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या जागेत, मुलांनी रडू नये म्हणून एक छोटी आगगाडी गोल फिरत असे. बाबा नंबर येईपर्यंत तिच्यापाशी वाकून उभे राहिले. नंबर आला तेव्हा त्यांनी मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. मग तिच्या मागच्याला. दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तरी ते तिथेच, आणि घरी आले ते दाढ तोंडात ठेवून आणि खिशात रुळाचा एक तुकडा घेऊन. "दाढ दाखवायला गेले आणि डोकं देऊन आले," असं आई पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली.

डॉक्टर आणि मिस्त्री असे एकत्र आले, आणि टेबलावरचे डोंगर खऱ्यासारखे दिसत नाहीत म्हणून मास्तरांना बोलावलं गेलं. नदी चढावर वाहतेय, असं म्हणून मास्तरांनी आल्या आल्या अर्धा डोंगर खरवडायला लावला. डॉक्टर दात कोरायच्या हत्यारांनी रूळ साफ करायचे आणि बोगद्यात आरसा घालून "आणखी थोडा आ करा" म्हणायचे. फाटकाजवळ गाडी आली की जो चालवत असेल त्याने शिट्टी तोंडाने वाजवायची, हा बाबांचा दंडक. बॅटरीच्या शिट्टीला ते खेळणं म्हणत. त्यामुळे रविवारी दुपारी ती माहेरी आली की खालच्या खोलीत बसल्या बसल्या तिला वरून तीन म्हाताऱ्यांचं आळीपाळीने 'कू' ऐकू यायचं, आणि मधूनच भांडण, की तुझी गाडी सिग्नल नसताना सुटली. ती वर गेली की बाबा तिला शेजारी बसवून एक चाक हातात द्यायचे. वेग कमी-जास्त करायचं. ते कधी काही समजावत नसत. फक्त म्हणायचे, "घाई नाही. गाडी आपलीच आहे."

आई कपबशा घेऊन जिना चढत होती. मुलीला पायरीवर बसलेली पाहून ती थांबली.

"काय झालं?"

मुलीने सांगितलं. दार, माप, टेबल, आणि बाबांनी ते मुद्दाम केलं असणार हेही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि ट्रे पायरीवर ठेवला.

"मुद्दाम कुठलं? विसरले ते."

"बाबा?"

"अगं, बाबाच. टेबल झालं त्या दिवशी मला वर बोलावलं बघायला. हात पुसत पुसत आले, दारात उभी राहिले आणि म्हटलं, अहो, हे जायचं कसं बाहेर? तर हसले आधी. मला वाटलं चेष्टा करतायत. मग टेप घेतला. दार मापलं, टेबल मापलं, पुन्हा दार मापलं. आणि मटकन खालीच बसले." आईच्या चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ती ते येऊ देत होती. "मला म्हणाले, कारखान्यात कुणाला कळलं तर मला त्या वकिलाच्या चपलांशेजारी उभं करतील. शपथ घातली, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी नाही सांगितलं. तुलाही नाही."

"मग कापलं का नाही तेव्हाच?"

"तेच तर म्हटलं मी. नुसती फळी होती, वर रूळ नाही, डोंगर नाही, काही नाही. म्हटलं, आणा करवत, मी धरते. तर म्हणाले, नंतर बघू गं. आधी एक गाडी तर फिरू दे."

मुलीने वळून खोलीकडे पाहिलं.

"नंतर बघू," आई म्हणाली. "ते. ज्यांनी आयुष्यात चहासुद्धा नंतर घेतला नाही." तिने ट्रे उचलला. "इतके खूश होते. दाराचं माप घ्यायचं कुठून सुचणार?"

मुलीने भिंतीला हात टेकला आणि ती उठली. सगळा जन्म दुसऱ्यांच्या दारांची काळजी करणारा तो माणूस एकदा, फक्त एकदा, दार आहे हेच विसरला होता. तिला वाटलं होतं, ते आपल्यासाठी काहीतरी ठरवून गेले आहेत. त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं. ते खेळत होते.

ती आत गेली आणि म्हणाली, "कापू या."

मग कुठून कापायचं यावर वाद लागला. मास्तरांचा नदीला विरोध. नदी काचेसारखी आहे, तडे जातील. डॉक्टरांचा स्टेशनला विरोध. तिथे रुळांचं जाळं आहे, एकेक रूळ म्हणजे एकेक नस. डोंगरातून जावं तर आत बोगदा. दोघांचे चहा गार झाले. आईने पदर खोचला, हातात दिवा घेतला आणि सरळ टेबलाखाली शिरली. बाबा तारा जोडायचे तेव्हा खाली दिवा धरून तीच बसायची. तिथले आडवे वासे तिला स्वयंपाकघरातल्या फळ्यांइतके ठाऊक होते. खालून तिने बोटाच्या पेराने ठकठक वाजवलं.

"इथून. इथे खाली काही नाही. वर काय आहे?"

वर बाजाराची गल्ली होती. रूळ दोनच, आणि घरांची एक ओळ. त्या ओळीत मधोमध एक सुताराचं दुकान होतं, उघड्या दाराचं, आणि दाराशी टेबलाला रंधा मारणारा एक मिस्त्री. गावातली सगळी माणसं आईने रंगवली होती, सुईच्या टोकावर रंग घेऊन. त्या मिस्त्रीचा सदरा तिने बाबांच्या सदऱ्यासारखा मळका निळा केला होता.

"दुसरीकडून बघू," मुलगी म्हणाली.

आई टेबलाखालून बाहेर आली, गुडघे झटकले, गल्लीकडे पाहिलं. "दुसरीकडे वासा आहे," ती म्हणाली. मग तिने भाजीची सुरी मागवली, दुकानाच्या पायाशी सरकवली आणि मिस्त्रीसकट ते दुकान अलगद उचलून मुलीच्या हातावर ठेवलं. "घरं काय, नुसती चिकटवलेली असतात. धर. ओंजळीत धर, दाबू नकोस."

डॉक्टरांनी रूळ आपल्या बारीक करवतीने कापले. कापताना सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करा," आणि मग कुणी काही बोलायच्या आत त्यांनी नाक पुसलं. लाकडाला मात्र दोघांनीही हात लावला नाही. मुलीने दुकान खिडकीत ठेवलं आणि बाबांची मोठी करवत घेतली. आईने समोरून फळी धरली. पहिले काही फेरे वाकडे गेले. "रेटू नकोस," आई म्हणाली, "नुसती ओढ. वजन तिचं तिला करू दे." पाती लाकडात शिरली, आणि खोलीत, जिथे इतकी वर्षं फक्त रंगाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास होता, तिथे ताज्या भुशाचा वास भरला. मुलगी क्षणभर थांबली. आईही थांबली होती. मग मुलगी पुन्हा ओढायला लागली.

पहिला अर्धा भाग वेगळा झाला. डॉक्टरांनी आणि मास्तरांनी तो दोन्ही टोकांना धरून उभा केला, आणि तो दारातून पलीकडे गेला. जिन्यावरून उतरताना गाव एका कुशीवर झालं: डोंगर आडवा, नदी भिंतीला टांगलेली, फलाटावरची माणसं पिशव्या धरून जमिनीला समांतर उभी. एकही पडलं नाही. आई पुढे होऊन एकेक दार उघडत चालली होती, आणि तिचं मागे लक्ष होतं.

"सावकाश," ती खालून म्हणाली. "माणसं आहेत त्यात."

मुलीने अंगावरचा भुसा झटकला नाही. वर अजून अर्धं गाव बाकी होतं. ती ते धरायला वळली.