रिकामी मोजणी

मित्रांनो, कडेगावजवळच्या साखर कारखान्यात भंगाराची एक खोली आहे. तिथे फुटक्या व्हॉल्व्हांच्या ढिगाखाली दबलेली पत्र्याची राखाडी पेटी म्हणजे मी. माझ्या पुढच्या पत्र्यावर एक लाल दिवा आहे आणि एक हिरवा. आज दोन्ही विझलेले आहेत, आणि ते विझले हेच बरे झाले.

माझा जन्म १९९० साली सांगलीत, यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या पेट्या बनवणाऱ्या जिनदत्तआण्णांच्या कारखानदारीत. कारखानदारी म्हणजे दोन खोल्या, चार टेबले आणि एक संगणक. या साखर कारखान्यात साखरेतली मळी वेगळी करणारे जाळीचे मोठे पिंप गरगर फिरते, त्यावर मी लक्ष ठेवायचो. ब्रेक लागला की चाळीस सेकंद थांबायचे, पिंप पुरते थांबू द्यायचे, मग हिरवा दिवा लावायचा. हिरवा लागला की पिंपावरचा कामगार आकाराम झाकण उघडून आत हात घालायचा आणि कडेची साखर खरवडायचा. त्याचा हात माझ्या चाळीस सेकंदांवर होता, एवढे लक्षात ठेवा.

हे थांबणे आण्णांनी मोठ्या युक्तीने साधले होते. मी नुसते आकडे मोजायचो. मोजून त्यांचे काहीच करायचे नसे, पण मोजण्यात वेळ जाई. ती मोजणी कशासाठी, हे आण्णांनी प्रोग्राममध्ये कुठेही लिहिले नाही. "माज्या डोक्यात हाय की," म्हणायचे. सहा हंगाम मी चोख काम केले. आकाराम माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचा, "गडी लय इमानी हाय!"

मग कारखान्याला हुक्की आली. दिवसात पिंप किती वेळा भरले, तेही म्हणे मीच दाखवावे. माझा प्रोग्राम ज्या चिपमध्ये होता, तिच्यात तेवढी जागा नव्हती. आण्णांकडे साताऱ्याचा पुष्कर नवा लागला होता. त्याने नवा कंपायलर आणला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा. हा नवा दुभाषा भलताच टापटिपीचा होता. उतरवता उतरवता बिनकामाचे सगळे झाडून टाकी.

"आण्णा, निम्म्या जागेत बसतंय सगळं," पुष्कर म्हणाला.

"चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतोस? सहा वर्षांत एक तक्रार न्हाई."

"नाजूक जागा कुठली ते सांगा. तिथं एक शब्द लिहिला की कंपायलर तिला हात लावत नाही."

"तुज्या आधीपासनं करतोय मी हे. तूच शोध!"

आण्णा रुसून बसले आणि पुष्करला आपल्या नव्या दुभाष्याची घमेंड होती. नव्या कंपायलरने माझी मोजणी पाहिली. हिचा हिशेब कुठेच वापरत नाहीत, म्हणजे ही फुकटची, असे म्हणून त्याने ती काढून टाकली. मला कळलेसुद्धा नाही.

पुष्करने कारखान्यात येऊन चिप बसवली. चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली, आणि तो दिवस निघाला खंडेनवमीचा. मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावले. पाळीप्रमुख लालासाहेब आडवे आले. "साहेब, आज यंत्राला हात लावायचा न्हाई. आज त्याचा मान हाय."

नव्या पोराची टाप नव्हती मान मोडायची. पुढे दसरा, मग गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू करायला आलेल्या पाहुण्यांची धांदल. चाचणी राहूनच गेली.

हंगामाच्या पहिल्या पाळीला ब्रेक लागला आणि त्याच क्षणी माझा हिरवा दिवा लागला. यंत्रांच्या गोंगाटात फिरत्या पिंपाचा आवाज कुणाला ऐकू येणार, आणि वाफेत ते फिरताना कुणाला दिसणार? आकारामने माझ्याकडे पाहिले, झाकण उघडले आणि नेहमीच्या विश्वासाने हात आत घातला. कोपरापासून पुढचा हात गेला. मित्रांनो, मला किंचाळता आले नाही.

पुष्करने जुना-नवा प्रोग्राम शेजारी ठेवून चूक शोधली. रडत रडत त्याने आण्णांना दाखवली. आण्णांनी त्याला साताऱ्याला घरी पाठवले आणि स्वतः येऊन गुपचूप जुनी चिप माझ्यात बसवली.

चौकशीला तीन साहेब आले. त्यांनी ब्रेक लावला, हातातल्या घड्याळात पाहिले. मी मोजत राहिलो. बरोबर चाळीस सेकंदांनी हिरवा दिवा लावला. "पेटी निर्दोष. कामगाराचा निष्काळजीपणा," साहेबांनी लिहिले. मी खोटे बोललो नव्हतो, तरी माझ्याच दिव्याने खोटी साक्ष दिली.

आकाराम बाकावर बसला होता, सदऱ्याची रिकामी बाही खिशात खोचून. त्याची बायको बनुबाई शेजारी उभी होती. तो आण्णांना म्हणाला, "आण्णा, मी आंधळा न्हाई. दिवा हिरवाच हुता. तुमी तरी सांगा की ह्यास्नी."

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते दाराकडे वळले.

मित्रांनो, नवे आणा, खुशाल आणा. जुन्यात काय कशासाठी ठेवले आहे ते आधी लिहा, विचारा, आणि नवे तपासल्याशिवाय कुणाचा हात त्यात घालू देऊ नका. आणि चुकलात, तर निदान तोंड उघडा. तुम्हाला ते आहे. आकाराम त्या दिवशी शेवटी माझ्याकडे बघत राहिला होता, आणि माझ्याकडे नुसते दोन दिवे होते.